होडी, गाडा आणि आंस

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी आपली होडी घेऊन घाटावर यावयास निघाला. कोंकणांतील एका खाडीवर तो हौशी प्रवाशांना होडींतून फिरवून आणतो. पावसाळ्यांत धंदा बंद. तेवढ्या अवधींत होडीची डागडुजी करून घ्यावी म्हणून त्यानें ती दोन चाकांच्या गाड्यावर चढविली आणि गाडा मोटारीच्या मागें जोडला. अशा गाड्याला हल्लीं सगळे ट्रेलर म्हणतात. घाट अर्धा चढून झाला नाहीं तों उजव्या चाकांतून प्रथम करकर, मग जळकट वास, मग धूर, आणि शेवटीं चाक जागच्या जागीं आवळून बसलें. घाटाच्या वळणावर उभी असलेली होडी पाहून जाणाऱ्यायेणाऱ्यांनीं काय थट्टा केली असेल तें सांगावयास नको. पण वरून एखादी मालमोटार वेगानें आली असती तर थट्टेचा प्रसंग राहिला नसता.

मिस्त्रीनें चाक उतरवून तुंबा उघडला. आंतलें ग्रीस दुधासारखें पांढरें झालें होतें आणि बेअरिंगाच्या रोलरांवर गंजाचे लाल ठिपके पडले होते. दोनतीन रोलर तर झिजून चपटे झालेले. संध्याकाळीं माझ्याकडे चहाला बसला असतां तो मला म्हणाला, "मास्तर, टायर नवे होते, लोखंडाला रंग दिलेला होता, हवाही तपासली होती. मग चुकलें कोठें?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; यंत्रशास्त्रांत मला अधिकार नाहीं. पण इतिहास शिकविण्यांत जन्म गेला, त्यामुळें कोणताही प्रश्न आला कीं हें पूर्वीं कसें होतें, असें विचारण्याची खोड लागली आहे. त्या खोडीपायीं जें वाचलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

चाकाचा शोध हा धडा शिकवितांना आम्ही फळ्यावर एक वाटोळें काढीत असूं आणि मनुष्यानें केवढी मजल मारली म्हणून सांगत असूं. आतां वाटतें कीं तें चित्र अपुरें होतें. वाटोळें ओंडकेही असतात. कठीण काम आहे तें चाकाच्या पोटांत. जेथें फिरणारा तुंबा न फिरणाऱ्या आंसावर टेकतो तेथें. सगळें ओझें त्या वीतभर जागेवर येतें, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाहीं. आपल्या जुन्या लोकांना हें माहीत होतें. कैकेयीला दोन वर मिळाले ते कशासाठीं? कीर्तनांत ती कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. ऐन युद्धांत दशरथाच्या रथाचा आंस दगा देऊं लागला आणि तिनें त्या जागीं आपला हात घातला. रामाचा वनवास, दशरथाचा मृत्यु, पुढचें सारें रामायण त्या आंसाच्या टोकाला लटकलेलें आहे.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीखालीं वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे. एरंडेलांत जळक्या पेंढ्याची राख कालवून केलेलें तें काळेंकुट्ट वंगण घरांत कोणाला आवडत नसे, कारण एकदां कपड्याला लागलें कीं जात नसे. लांबच्या बाजाराला निघण्याच्या आदल्या दिवशीं आजोबा खीळ काढून चाक बाहेर ओढीत, आंस चिंधीनें पुसून घेत आणि बोटानें वंगण भरीत. वाटेंत गाडी कुरकुरूं लागली कीं म्हणत, "गाडी तहानली." आंसाला तहान लागते ही कल्पना मला लहानपणीं गमतीची वाटे, आज ती अगदीं शास्त्रशुद्ध वाटते. लोखंड लोखंडावर घसरतें तेव्हां त्या दोहोंमध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असला तर तें चालतें. पापुद्रा तुटला कीं धातु तापतो, फुगतो आणि एकमेकाला धरतो. रेल्वेंत नोकरी केलेल्या मंडळींना 'हॉट अॅक्सल' हा शब्द ऐकून अजूनही धडकी भरत असेल.

बैलगाडीचें ओझें कमी करतां येतें. दोन पोतीं खालीं उतरवितां येतात. होडीचें तसें नाहीं. पाण्यावर जिला एक पोर काठीनें ढकलूं शकतें, तीच जमिनीवर आली कीं सगळें वजन एकदम आंसावर टाकते, आणि तिचे भाग करून नेतां येत नाहींत. म्हणून होडी जमिनीवरून नेणें ही आंसाची मोठी परीक्षा आहे. ही परीक्षा मनुष्यानें फार प्राचीन काळापासून दिलेली आहे. ग्रीस देशांत कॉरिंथजवळ दोन समुद्रांच्या मधली जमिनीची पट्टी अगदीं अरुंद आहे. तेथें ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास फरसबंदी वाट बांधली गेली. तिचें नांव डिओल्कोस. १९५६ ते १९६२ या काळांत निकोलाओस वेर्देलिस या संशोधकानें तिचे अवशेष उकरून काढले. दगडांत दीड मीटरच्या आसपास अंतर ठेवून चाकांच्या दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. एरव्हीं तेथून मालच जात असावा असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. परंतु युद्धप्रसंगीं त्या भूमीवरून जहाजें ओढून नेल्याचे उल्लेख जुन्या इतिहासकारांच्या ग्रंथांत आहेत. ख्रिस्तपूर्व ४१२ मध्यें स्पार्टाच्या पक्षानें नेलीं, ख्रिस्तपूर्व ३० मध्यें अँटनीच्या पाठलागावर असलेल्या ऑक्टेव्हियननें नेलीं. विजय कोणाचा झाला हें ग्रंथांत आहे. त्या गाड्यांच्या आंसांना वंगण कोणीं घातलें हें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

पण एक प्रसंग असा आहे कीं ज्यांत चाकाची हकीकत टिकून राहिली आहे. तो जरा विस्तारानें सांगतों.

इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टलच्या खाडीवर लिनमथ नांवाचें लहानसें गांव आहे. मागें उभा डोंगर, पुढें समुद्र. बुडत्या जहाजांवरील माणसें वांचविणारी जी संस्था त्या देशांत १८२४ सालीं निघाली, तिची एक होडी या गांवीं असे. तिचें नांव लुइझा, लांबी ३४ फूट. १२ जानेवारी १८९९ रोजीं तुफान वादळ सुटलें होतें. संध्याकाळीं आठच्या सुमारास तार आली कीं फॉरेस्ट हॉल नांवाचें १९०० टनी तीन डोलकाठ्यांचें जहाज पॉरलॉक गांवासमोर संकटांत आहे. ओढणाऱ्या आगबोटीचा दोर तुटला होता, सुकाणूं गेलें होतें, आणि नांगर जमीन धरीत नव्हते. जहाजावर १३ खलाशी आणि ५ उमेदवार पोरें, एकूण १८ जीव.

लिनमथच्या किनाऱ्यावर लाटा अशा फुटत होत्या कीं होडी पाण्यांत घालणें अशक्य होतें. तेव्हां होडीचा तांडेल जॅक क्रोकोम यानें सुचविलें कीं होडी डोंगरावरून पॉरलॉकला नेऊं आणि तेथल्या आडोशाच्या बंदरांतून पाण्यांत लोटूं. अंतर १३ मैल. वाट एक्समूरच्या माळावरून, समुद्रसपाटीपासून १४२३ फूट उंचीवर चढणारी. गाड्यासकट होडीचें वजन सुमारें दहा टन सांगतात. ऐकणाऱ्यांना तो मनुष्य वेडा झाला असें वाटलें असेल तर नवल नाहीं. पण गांव उठलें. अठरावीस घोडे आणले, शंभरएक माणसें दोरांना लागलीं, आणि वाट रुंद करण्यासाठीं सहा जण कुदळफावडीं घेऊन पुढें धांवले.

पहिलाच चढ काउंटिसबरीचा, चार फुटांना एक फूट वर जाणारा. अंधार, पाऊस, तोंडावर मारणारा वारा. घोडे घसरत होते, माणसें खांदा लावीत होतीं. एवढें करून गाडा माथ्यावर आला, आणि तेथें त्याचें एक चाक निखळलें.

श्रोतेहो, हें वाक्य मीं प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक मिटून थोडा वेळ बसलों. समुद्रांत १८ माणसें होडीची वाट पाहत आहेत. घोडे आहेत, माणसें आहेत, धैर्य तर इतकें आहे कीं मोजतां येऊं नये. आणि सारें अडलें आहे तें आंसाच्या टोकाशीं. त्या रात्रीं माथ्यावर दहा टनांचा तो डोलारा तोलून धरून लोकांनीं चाक पुन्हां बसविलें. कैकेयीप्रमाणें कोणाचा हात मध्यें आला असेल तर तें आपणांस ठाऊक नाहीं.

चढ संपल्यावर बहुतेक लोक परतले. वीसएक जण होडीबरोबर राहिले. पुढें एके ठिकाणीं वाट इतकी अरुंद निघाली कीं गाडा होडीसकट जाईना. मग होडी खालीं उतरविली, लांकडी फळ्यांवरून गल्लींतून घसरवीत नेली, रिकामा गाडा घोड्यांनीं माळावरून काढला आणि पुढें होडी त्याच्यावर पुन्हां चढविली. त्यानंतर पॉरलॉकचा उतार. चढापेक्षां तो भयंकर, कारण आतां गाड्याला मागें खेंचून धरावयाचें होतें. गांवांत शिरतांना एका बागेची भिंत पाडावी लागली, एक मोठें झाड तोडावें लागलें. सकाळीं साडेसहा वाजतां लुइझा पाण्यांत पडली. रात्रभर राबलेल्या त्याच माणसांनीं मग वल्हीं धरलीं आणि तासाभरानें जहाज गांठलें. अठराही जण वांचले. घोड्यांपैकीं चार थकव्यानें मेले. त्या घोड्यांविषयीं फारसें कोणीं लिहीत नाहीं, म्हणून मी मुद्दाम सांगतों.

आतां योगायोग पाहा. लिनमथचें चाक निखळण्यापूर्वीं काही महिनेच आधीं, १८९८ सालीं, अमेरिकेंतील सेंट लुइस शहरीं राहणाऱ्या हेन्री टिमकेन नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें आपल्या पुतण्याभाच्यांपैकीं एकाच्या साह्यानें एक पेटंट घेतलें होतें. तें होतें निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगाचें. माझ्या विद्यार्थ्याच्या ट्रेलरांत जें बेअरिंग गंजलें तें याच कुळांतलें.

घसरण्यापेक्षां गडगडणें सोपें, हें तत्त्व नवें नव्हतें. १७९४ सालींच वेल्समधील फिलिप व्हॉन नांवाच्या लोखंडाच्या कारखानदारानें गाडीच्या आंसाभोंवतीं खोबणींत गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें होतें. मग मध्यें शंभर वर्षें कां गेलीं? कारण गोळी अगदीं गोल पाहिजे, आणि दहा गोळ्या असल्या तर दहाही सारख्या पाहिजेत. एक केसभर मोठी असली तर सारें ओझें तीच उचलते आणि फुटते. पुढें बायसिकल निघाली. १८६९ सालीं पॅरिस ते रूआं ही शर्यत गोळ्यांचें बेअरिंग लावलेल्या बायसिकलीवर जेम्स मूर यानें जिंकली, तेव्हां लोकांचें लक्ष तिकडे गेलें. १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवीं फ्रीडरिश फिशर यानें पोलादी गोळ्या घांसून एकसारख्या करण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि मग मार्ग मोकळा झाला. स्वेन विंगक्विस्ट या स्वीडिश अभियंत्यानें १९०७ सालीं आपोआप सरळ होणारें बेअरिंग काढलें. त्याच्याच कंपनीच्या नांवाचा कारखाना १९६० नंतरच्या दशकांत आपल्या पुण्याजवळ चिंचवडला उभा राहिला.

टिमकेनची खुबी निराळी होती. गाडी सरळ रस्त्यावर चालते तेव्हां ओझें वरून खालीं येतें. पण ती वळते किंवा रस्ता एका बाजूला कलतो तेव्हां चाकाला आडवा रेटाही बसतो. सरळ रोलर हा आडवा रेटा सोसत नाहींत. निमुळते रोलर उतरत्या कांठाच्या वाटींत बसविले कीं दोन्ही भार त्यांवर पेलतात, आणि झीज झाली तरी नट किंचित् आवळून तूट भरून काढतां येते. बरें, हा गृहस्थ आंसाकडे वळण्यापूर्वीं कशासाठीं प्रसिद्ध होता? कमानीसाठीं. १८७७ सालीं त्यानें घोडागाडीच्या स्प्रिंगेचें पेटंट घेतलें होतें आणि त्यावर चांगला पैसा मिळविला होता. गाडीच्या कमानींचें शास्त्रही जुनेंच. इंग्लंडांत ओबाडाया इलियट यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानी काढल्या. एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे वाकतात, एकमेकांवर थोडेसे सरकतात आणि खड्ड्याचा दणका आंसापर्यंत पोहोंचण्याआधीं गिळून टाकतात. कमान ताठली तर तो दणका कोठें जातो? बेअरिंगावर. कमान, आंस आणि बेअरिंग यांचें नातें असें एका कुटुंबाचें आहे. एकानें अंग काढलें कीं दुसऱ्याच्या पाठीवर पडतें.

होड्या ओढणारे घोडे हळूहळू गेले. १९२० सालीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हन्स्टंटन येथें जीवरक्षक होडी ओढण्यास ट्रॅक्टर लावून पाहिला, आणि तीच रीत पुढें पडली. होडीचा गाडा रस्त्यावर मोटारीच्या वेगानें धांवूं लागला. येथें एक नवीनच संकट उत्पन्न झालें. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे.

बैलगाडी तासाला दोनतीन मैल चालते. तिचा तुंबा फारसा तापत नाहीं, आणि ती पाण्यांत शिरते ती फार तर ओढा ओलांडावयास. ट्रेलर मात्र तासाला चाळीस मैलांनीं येतो आणि लगेच मागें सरकून खाऱ्या पाण्यांत उतरतो. तुंबा तापलेला असतो, आंतली हवा फुगलेली असते. थंड पाण्याचा स्पर्श होतांच ती हवा एकदम आकसते आणि तुंबा पाणी ओढून घेतो. मागच्या बाजूचें रबरी सील ग्रीस बाहेर न जाऊं देण्यासाठीं असतें. आंत ओढल्या जाणाऱ्या पाण्याला तें पुरें पडत नाहीं. मग पाणी ग्रीसांत मिसळून त्याचें लोणी होतें, मीठ रोलरांना लागतें, आणि पुढचे पंधरा दिवस ट्रेलर उभा राहिला कीं गंज शांतपणें आपलें काम करतो. वरचा रंग आणि नवे टायर यांचा त्या जागेशीं कांहीं संबंध नाहीं.

मिस्त्री जुना आणि बोलका होता. त्यानें सांगितलेलें मीं वहींत टिपून ठेवलें आहे, तें जवळजवळ त्याच्याच शब्दांत सांगतों. पाण्यापाशीं पोहोंचल्यावर घाई करूं नये. तुंब्यावर हात टेकवून धरतां येईपर्यंत गाडा उभा ठेवावा. होडी उतरल्यावर चाकें, आंस आणि पाट्यांच्या फटी गोड्या पाण्यानें धुवाव्या, कारण मीठ पाट्यांच्या मध्यें बसतें आणि तेथूनच पाटा तुटतो. पाटे आंसाला आवळून धरणाऱ्या वांकड्या बोल्टांचे नट मधून मधून तपासावे. हंगामांतून एकदां तरी चाक जॅकवर उचलून वरखालीं धरून हलवून पाहावें. खडखडलें तर ढिलाई आली. वर्षाकांठीं तुंबा उघडावा, जुनें ग्रीस राॅकेलनें पूर्ण धुवून काढावें, एकेक रोलर उजेडांत फिरवून पाहावा. निळसर झाला असेल तर तापला होता, खड्डे पडले असतील तर पाणी गेलें होतें. दोन्हींपैकीं कांहींही दिसलें तर तें बेअरिंग आणि त्याची वाटी, दोन्ही बदलावीं. पाण्यानें न विरघळणारें ग्रीस रोलरांच्या मधल्या फटींत तळहातानें दाबून भरावें, वरून चोपडून भागत नाहीं. दोन जातींचीं ग्रीसें एकत्र करूं नयेत. सील दर वेळीं नवें. नट आवळतांना चाक फिरवीत राहावें, नीट बसला कीं किंचित् मागें घ्यावा. फार आवळला तर बेअरिंग जळतें, ढिला ठेवला तर आदळतें. आणि नटाला अडवणारी कॉटर पिन जुनी वांकडी करून पुन्हां घालूं नये. "आठ आण्याची पिन असते," असें तो म्हणाला. आठ आण्याला आतां कांहीं मिळत नाहीं, पण त्याची बोलण्याची पद्धत ती होती.

हल्लीं तुंब्याच्या तोंडावर बसविण्याचें एक झांकणही मिळतें. त्याच्या पोटांत लहानशी स्प्रिंग असते; ती ग्रीसावर हलका दाब ठेवते, म्हणजे हवा आकसली तरी पाणी आंत न येतां ग्रीसच पुढें सरकतें. युक्ति चांगली आहे. तरी मिस्त्रीचें म्हणणें असें कीं झांकण लावल्यापासून लोक तुंबा उघडावयाचेंच विसरतात, आणि हौसेनें फार ग्रीस ठांसून मागचें सील उखडून टाकतात. मला त्याचें म्हणणें पटलें. शाळेंत मार्गदर्शिका आल्यापासून मुलें मूळ पुस्तक उघडीत नाहींत, तशांतलाच प्रकार.

विद्यार्थ्यानें त्याप्रमाणें दोन्ही चाकांचीं बेअरिंगें बदलून घेतलीं. यंदा होडी उतरविण्याआधीं तो वाळूवर गाडा उभा करून चहा पीत बसे, म्हणून बरोबरीचे लोक त्याला हंसत. पावसाळ्याआधीं तो पुन्हां घाट चढून आला. वाटेंत तीन ठिकाणीं थांबला होता. माझ्या दारासमोर मोटार उभी करून त्यानें मला हांक मारली आणि म्हणाला, "मास्तर, जरा हात लावून बघा."

मीं उजव्या चाकाच्या तुंब्यावर तळहात ठेवला. तुंबा कोमट होता.